ओढा इतिहासाकडे, आग्रह सायन्सचा

दहावीचा निकाल हातात पडला की घरोघरी मशवरा सुरू होतो. मुलीचा ओढा इतिहासाकडे, भाषांकडे; अब्बांचे म्हणणे, "सायन्स घे, सगळे दरवाजे उघडे राहतात." यात तथ्य आहे. बारावी सायन्सनंतर बी.ए. करता येते, बारावी आर्ट्सनंतर डॉक्टरकी किंवा इंजिनिअरिंगला जाता येत नाही. पण पाच वर्षांच्या एलएल.बी.ला कोणत्याही शाखेची बारावी चालते आणि यूपीएससीला कोणत्याही शाखेची पदवी. ज्या दरवाजातून मुलीला जायचेच नाही, तो उघडा ठेवण्यासाठी तिची दोन वर्षे आणि क्लासची फी खर्च करायची का, हे आधी ठरवावे.

मात्र आर्ट्स घेतले म्हणून विज्ञानाकडे पाठ फिरवू नये, असे आम्हाला वाटते. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातले लोणार पाहा. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणार येते. काच आणि साबण बनवायला लागणारे पदार्थ तिथे मिळतात, अशी नोंद आहे. ही ओळ इतिहासाची, पण उलगडते ती रसायनशास्त्राने, कारण सरोवराचे पाणी क्षारयुक्त आहे. बेसॉल्ट खडकात उल्केने पाडलेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा नाना अफवा उठल्या. कारण निघाले खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. उद्याच्या पत्रकाराला, वकिलाला हे कळायला नको?

मग विषय कोणते? आर्ट्स घेतल्यास इतिहासासोबत भूगोल जरूर घ्यावा. खडक, हवामान, नकाशे त्यात येतात. मानसशास्त्र मिळाले तर उत्तमच. पर्यावरणाचा विषय सर्वच शाखांना आहे. तो केवळ गुणांपुरता उरकू नये. सायन्सच ठरले, तर गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक सोडून भूगोलासारखा विषय घेता येतो. पण जीवशास्त्र सोडले की मेडिकल आणि गणित सोडले की इंजिनिअरिंग गेले, हे लक्षात ठेवावे. उर्दूची गोडी असेल तर दुसरी भाषा म्हणून ती राखावी.

कागदावरचा प्रत्येक विषय तालुक्याच्या प्रत्येक कॉलेजात शिकवला जातोच असे नाही. म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेजात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: विषय आहे का, शिक्षक आहेत का, प्रयोगशाळा चालते का. आणि जाताना मुलीला सोबत न्यावे. अभ्यास तिलाच करायचा आहे.