मारका कोंबडा पैदाशीसाठी नको

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ८५ कोटी कुक्कुटपक्षी होते. त्यांपैकी जवळपास ३२ कोटी परसातील होते आणि आधीच्या गणनेच्या तुलनेत परसातील पक्ष्यांच्या संख्येत सुमारे ४६ टक्के वाढ झाली होती. या वाढीबरोबर सुधारित वाण, लसीकरण, खाद्य आणि खुराडे यांविषयीचे मार्गदर्शनही गावोगावी पोहोचू लागले. एक प्रश्न मात्र घरोघरी अनुभवाला येऊनही मार्गदर्शनात क्वचितच स्थान मिळवतो. तो म्हणजे माणसावर धावून येणारा कोंबडा. त्याच्याकडे कौतुकाने, करमणूक म्हणून किंवा नाइलाज म्हणून पाहिले जाते. व्यवस्थापनाचा आणि पैदाशीचा प्रश्न म्हणून पाहिले जात नाही.

हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परसातील कोंबड्यांची देखभाल प्रामुख्याने स्त्रिया आणि मुले करतात. अंडी उचलण्यासाठी वाकलेल्या स्त्रीचा चेहरा आणि दोन-तीन वर्षांच्या मुलाचे डोळे झेप घेणाऱ्या कोंबड्याच्या टप्प्यात येतात. प्रौढ कोंबड्याच्या पायामागील काट्याला हाडाचा गाभा आणि वर शिंगासारखे कठीण आवरण असते. त्याची जखम वरून लहान दिसली तरी खोल असू शकते आणि मातीविष्ठेने माखलेल्या पायामुळे ती दूषितही होते. ऑस्ट्रेलियात एका वृद्ध स्त्रीच्या पायावरील फुगलेल्या शिरेवर कोंबड्याने चोच मारली व रक्तस्रावाने तिचा मृत्यू झाला. ही नोंद २०१९ मध्ये न्यायवैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाली. अशी घटना अत्यंत दुर्मीळ आहे. अंगणात पाऊल टाकण्यास घाबरणारे मूल मात्र दुर्मीळ नाही.

कोंबड्याची आक्रमकता एकाच प्रकारची नसते. पाच-सहा महिन्यांच्या सुमारास वयात येताना नरसंप्रेरकांचा प्रभाव वाढतो आणि नर परस्परांशी झुंजू लागतात. ती स्वाभाविक वृत्ती रानकोंबड्यापासूनच चालत आलेली आहे. घार दिसताच विशिष्ट आवाज काढून कोंबड्यांना सावध करणे हेही कोंबड्याचे उपयुक्त काम आहे. रोज दाणे टाकणाऱ्या हातावर तुटून पडणे ही मात्र वेगळी बाब होय. राखणदारीच्या नावाखाली तिचे समर्थन करता येत नाही. घारीची चाहूल देणारा कोंबडा माणसांशी शांत असू शकतो.

अशा कोंबड्याला लाथ मारावी, काठीने झोडपावे, म्हणजे त्याला 'आपली जागा' कळेल, अशी समजूत सर्वत्र आढळते. कोंबड्यांमधील चोच मारण्याची उतरंड नॉर्वेचे शेल्डरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या प्रारंभी वर्णिली, तेव्हापासून ही कल्पना लोकप्रिय आहे. परंतु उतरंड स्थिरावली की कळपातील मारामारी कमी होते, हा त्या अभ्यासक्षेत्रातील महत्त्वाचा भाग सहसा विसरला जातो. प्राण्यांच्या समूहात सर्वांत भांडखोर तोच प्रमुख, हेही सार्वत्रिक सत्य नाही. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर व सहकाऱ्यांनी दीर्घकाळ अभ्यासलेल्या रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीच्या वसाहतीत प्रस्थापित राणी विलक्षण शांत असते. कोंबड्याच्या दृष्टीने माणसाची लाथ हे झुंजीला दिलेले उत्तर ठरते आणि माणूस मागे सरला की तो त्याचा विजय ठरतो. मारहाणीने त्यामुळे वैर वाढते, शिस्त लागत नाही.

आधी कारणे तपासावीत. रात्री कोंबडा खुराड्यात बसल्यावर त्याला उचलून पिसांच्या मुळाशी आणि गुदद्वाराभोवती उवा, लिखा व पिसूकोळी आहेत का हे पाहावे. पायांवरील खवले उचलले गेले आहेत का हेही पाहावे. तांबडा पिसूकोळी दिवसा खुराड्याच्या फटींत लपतो आणि रात्री रक्त शोषतो, म्हणून खुराडेही तपासावे. अखंड खाजेने बेचैन झालेल्या पक्ष्याच्या स्वभावाचा निवाडा करणे अन्याय्य होय. त्यानंतर नर-मादी प्रमाण पाहावे. नैसर्गिक मिलनासाठी साधारण दहा माद्यांमागे एक नर पुरेसा असतो. पाच-सहा कोंबड्यांमागे तीन नर ठेवल्यास त्यांच्यातील संघर्ष अटळ असतो आणि त्याचा त्रास माद्यांनाही होतो. त्यांची पाठ उघडी पडते, डोक्याला जखमा होतात.

घरच्यांचे वर्तनही महत्त्वाचे आहे. कोंबडा मानेची पिसे फुलवून, एक पंख खाली सोडून तिरका चालू लागला की तो इशारा समजावा. अशा वेळी पळू नये, पाठ फिरवू नये आणि मारूही नये. घमेले, सूप किंवा फळी मध्ये धरून स्थिर उभे राहावे. मुलांना त्याला डिवचू देऊ नये आणि मुले अंगणात असताना त्याला डालग्याखाली किंवा वेगळ्या कप्प्यात ठेवावे. काट्याचे केवळ टोक कानशीने बोथट करता येते. आतील हाडाचा गाभा सजीव असल्याने काटा मुळापासून छाटू नये. जखम झाल्यास ती साबण व वाहत्या पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी आरोग्य केंद्र गाठावे.

एवढे करूनही तीन-चार आठवड्यांत फरक न पडल्यास निर्णय टाळू नये. त्या कोंबड्यापासून पुढील पिढी घेऊ नये. मारका वळू कोणी गावासाठी राखत नाही आणि मारकी म्हैस घेताना गिऱ्हाईक दहादा विचार करते. कोंबड्याच्या बाबतीत मात्र हाच विवेक सुटतो. परसात एकच नर असतो आणि सर्व पिल्लांचे पितृत्व त्याच्याकडे जाते, म्हणजे नराची निवड हीच त्या घराची पैदास-योजना असते. कोंबड्यांचा स्वभाव काही अंशी आनुवंशिक असतो. पर्ड्यू विद्यापीठातील विल्यम म्यूर यांनी एकेका कोंबडीऐवजी संपूर्ण गटाच्या कामगिरीवरून निवड केली, तेव्हा पिंजऱ्यातील गटांतला वार्षिक मृत्युदर दुसऱ्या पिढीतील ६८ टक्क्यांवरून चौथ्या पिढीत ९ टक्क्यांच्या आसपास आला. स्वीडनच्या लिन्शोपिंग विद्यापीठात माणसाला कमी भिणाऱ्या रानकोंबड्यांची निवड केल्यावर काही पिढ्यांतच स्वभावाबरोबर वाढीतही फरक दिसला. निवडीने स्वभाव बदलतो, हे या दोन्ही प्रयोगांतून स्पष्ट होते.

शांत कोंबडा म्हणजे दुबळा वंश, असा आक्षेप घेतला जातो. असील जातीचे उदाहरण त्याला परस्पर उत्तर देते. झुंजारपणासाठी प्रसिद्ध असलेला हा पक्षी आपल्या पालकाच्या हातात बहुधा शांत असतो, असा तो पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. काटकपणा आणि माणसावरील हल्ला यांची गाठ अपरिहार्य नाही.

ज्या घरांत वनराजा, ग्रामप्रिया यांसारखे सुधारित पक्षी आहेत, तेथे प्रश्न अधिक सोपा आहे. हे पक्षी संकरातून तयार केलेले असतात; घरीच पैदास केल्यास पुढील पिढीत त्यांची उत्पादकता टिकत नाही, म्हणून पिल्ले पुन्हा उबवणी केंद्रातूनच घ्यावी लागतात. शिवाय अंडी घालण्यासाठी कोंबडीला नराची आवश्यकता नसते, आणि अफलित अंडी अधिक काळ टिकतात. अशा कळपातील नर वेळेवर मांसासाठी विकणे हाच हिशेबाचा मार्ग ठरतो.

मारक्या कोंबड्याची विल्हेवाटही प्रामाणिकपणे लावली पाहिजे. स्वभाव लपवून दुसऱ्याच्या घरी पैदाशीसाठी देणे म्हणजे आपली आपत्ती शेजाऱ्याच्या अंगणात सोडणे. झुंजीच्या बाजारात त्याला चांगला भाव मिळू शकतो. परंतु प्राण्यांच्या झुंजी लावणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याविरुद्ध आहे. मांसासाठी उपयोग करणे हा त्यापेक्षा सरळ मार्ग होय.

परसातील कुक्कुटपालनाच्या प्रशिक्षणात लसीच्या वेळापत्रकाइतकीच जागा नराच्या निवडीलाही मिळाली पाहिजे. वजन, तुरा आणि रंग यांच्या जोडीला 'माणसांशी वर्तन' हा निकष शिकवण्यास वेगळा खर्च लागत नाही. आठवडाभर पाहणी करण्याची तयारी असली म्हणजे पुरे, आणि ती पाहणी रोज दाणे टाकणारी स्त्री सर्वांत चांगली करू शकते. कोणता नर राखायचा, हे ठरवताना पहिला शब्द तिचा असावा.