निवृत्तीचे वय आणि रिकाम्या खुर्च्या

मध्यप्रदेशातील प्राध्यापकाने अध्यापन केव्हा थांबवावे, हे त्याच्या प्रकृतीवर वा विद्वत्तेवर नव्हे, तर संस्थेच्या दारावरील पाटीवर ठरत होते. शासकीय महाविद्यालयात 65 वर्षे. शासनाच्याच शंभर टक्के अनुदानावर चालणाऱ्या खाजगी महाविद्यालयात मात्र 62. वेतन एकाच तिजोरीतून, तरीही हा भेद! जबलपुरास मुख्य पीठ असलेल्या उच्च न्यायालयाने तो मान्य केला होता. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. तरी अकाली घरी बसविलेल्यांना थकित वेतनासाठी 2022 पर्यंत पुन्हा झगडावे लागले.

केंद्राने 2007 मध्ये आपल्या संस्थांसाठी वय 62 वरून 65 केले, कारण शिक्षकांचा तुटवडा. पुढे वेतनवाढीच्या थकबाकीतील 80 टक्के भार उचलण्यासाठी राज्यांनाही तीच अट घातली. ती राज्यांवर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितले. परिणामी बालाघाटचा प्राध्यापक 65 व्या वर्षी निवृत्त होतो, तर शेजारच्या गोंदियाचा 60 व्या!

महाराजपुर-अधारताल भागात 1964 पासून कृषी विद्यापीठ आहे, शहरात त्याहून जुने राणी दुर्गावती विद्यापीठ. त्यांच्या छायेत वाढलेल्या उच्चशिक्षित बेकार तरुणाच्या कानी एक युक्तिवाद घातला जातो : म्हातारे जागा अडवून बसले आहेत. हा शुद्ध कांगावा आहे. म्हातारा उठला तरी खुर्ची तरुणाला मिळते कोठे? तेथे मानधनावरचा ‘अतिथी विद्वान’ बसविला जातो. (वर्षानुवर्षे राबणाऱ्याला अतिथी म्हणण्याचे औदार्य राज्यकर्त्यांनाच सुचावे.) चाळिशी उलटल्यावर कायम नेमणूक मिळालीच, तर 2005 नंतरच्या नियमाप्रमाणे हमीचे निवृत्तिवेतन नाही, बाजाराच्या चढउतारावर सोडलेली गंगाजळी तेवढी. अशा शिक्षकाला 62 आणि 65 यांतील तीन वर्षे म्हणजे म्हातारपणाची भाकरी.

वृद्ध आणि तरुण यांना झुंजवत ठेवून पद गोठवायचे, हा खरा डाव आहे. निवृत्तीची तारीख शासनाला अचानक कळत नाही. जन्मतारीख नेमणुकीच्या दिवसापासून सेवापुस्तकात असते. तेव्हा प्राध्यापक संघटनांनी वयाच्या मागणीबरोबरच ही मागणी रेटली पाहिजे : रिक्त होणाऱ्या प्रत्येक पदाची जाहिरात निवृत्तीपूर्वी एक वर्ष निघावी, आणि जुना शिक्षक निरोप घेईल त्या दिवशी कायम नेमणुकीचा नवा शिक्षक रुजू झालेला असावा.