मोकळ्या एकरांची पोटदुखी

विद्यापीठाच्या आवाराचा पंचवीस-तीस वर्षांचा आराखडा करणं हा निव्वळ कागदी उद्योग आहे, असं एका विद्वानांनी नुकतंच एका रविवार पुरवणीत ठणकावून सांगितलं. विद्वान व्यवस्थापनशास्त्राचे आहेत, त्यामुळे ठणकावण्याआधी आवारात एक फेरी मारावी असं त्यांना वाटलेलं नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: उद्याचं शिक्षण कुठल्या वळणानं जाईल हे कुणालाच ठाऊक नाही. अर्धे वर्ग मोबाइलवर भरणार आहेत. तेव्हा निधी येईल तशा इमारती उभ्या कराव्यात, त्या उंच असाव्यात, आणि शहरात शेकडो एकर जमीन ‘पडीक’ आहे ती भाड्यानं देऊन विद्यापीठांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं. लेखात थोडी आकडेमोड आहे आणि बरंच सिंगापूर आहे.

किरकोळ मुद्दे आधी उरकतो. ‘कायद्यानं पाच वर्षांचा बृहत् आराखडा असतोच, आणखी कशाला?’ २०१६च्या विद्यापीठ कायद्यातला तो आराखडा कोणत्या भागात कोणतं महाविद्यालय निघावं हे सांगतो. वसतिगृहाचं सांडपाणी कुठं जाणार हे सांगत नाही. ‘उंच बांधा.’ बांधा की! फक्त अकराव्या मजल्यावर चढणारं पाणी कुठून आणणार तेही लिहा. ‘अर्धे वर्ग मोबाइलवर भरतील.’ तसं असेल तर पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात अभ्यासाला जागा मिळवण्यासाठी पोरं का धडपडतात, आणि वसतिगृहात एकाच्या नावावरच्या खोलीत दुसरा ‘पॅरासाइट’ होऊन का दिवस काढतो, हे त्यांनी एखाद्या रेक्टरला विचारावं.

आता ‘पडीक’ या मुद्द्याकडे येऊ. इथे मात्र मी घाई करणार नाही.

गणेशखिंडीतलं पुणे विद्यापीठाचं आवार ४११ एकरांचं. मुंबईच्या गव्हर्नरसाहेबांच्या पावसाळी मुक्कामासाठी राखलेली ही जमीन. १८९७च्या जूनमध्ये राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ इथंच झाला आणि तो आटोपून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी याच रस्त्यावर गोळ्या झाडल्या. १० फेब्रुवारी १९४९ला विद्यापीठ स्थापन झालं, डॉ. मु. रा. जयकर पहिले कुलगुरू झाले, आणि साहेबाच्या बंगल्याचं मुख्य इमारतीत रूपांतर झालं. विद्यापीठ नवं, विभाग थोडे, आणि सभोवती झाडी, गवत नि मोकळं रान. आमचे विद्वान तेव्हा सल्लागार असते तर त्यांनी पहिल्या पाच वर्षांतच निम्मं आवार ‘मुक्त’ करून टाकलं असतं आणि त्या काळच्या भावानं मिळालेल्या पैशांचा अहवाल अभिमानानं छापला असता.

तसं झालं नाही म्हणून १९८८मध्ये खगोलशास्त्राचं आंतरविद्यापीठीय केंद्र, म्हणजे आयुका, काढायचं ठरलं तेव्हा जयंत नारळीकरांना विद्यापीठाच्या आवारातच जागा मिळाली आणि चार्ल्स कोरियांना ती सुंदर वास्तू उभी करता आली. शेजारी रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र आलं, ज्याची महाकाय दुर्बीण खोडदच्या माळावर आहे. सी-डॅकही याच आवारात वाढलं. यांतलं एकही नाव १९४९ साली कुणाच्या स्वप्नात नव्हतं. भविष्य कळत नाही, हे विद्वानांचं गृहीतक मला शंभर टक्के मान्य आहे. पण त्यावरून जागा देऊन टाका हा निष्कर्ष कसा निघतो? जे येणार त्याचं नावही माहीत नाही, तेव्हा त्याच्यासाठी जागा राखून ठेवणं एवढंच शहाण्या माणसाच्या हातात असतं. विद्वान म्हणतील, ती जागा उरली तो योगायोग, त्यात नियोजन कुठलं? अगदी बरोबर. साहेब गेला आणि जाताना ४११ एकर मागे राहिले, हा योगायोगच. असा योगायोग दर शतकात घडत नाही. म्हणून तर पुढचं कागदावर लिहून ठेवायचं.

कोल्हापुरात साहेबाचा बंगला नव्हता. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याच्या वाट्याला ८५३ एकरांचा उजाड माळ आला. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार इतिहासाचे अभ्यासक. त्यांच्या काळापासून या माळावर झाडं लावणं हे इमारती बांधण्याइतकंच विद्यापीठाचं काम मानलं गेलं. पुढे उतारावरून वाहून जाणारं पावसाचं पाणी तळ्यांत, शेततळ्यांत आणि विहिरींत अडवलं गेलं. ताळेबंदात या तळ्यांपुढे उत्पन्न म्हणून काय लिहिणार? शून्य. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. शहराचे पाणी उपसणारे पंपच पाण्याखाली गेले, चहूकडे पाणी आणि नळ कोरडे. तेव्हा विद्यापीठाच्या आवारातून पाण्याचे टँकर भरून शहरात गेले. तळ्यांच्या जागी भाड्याचं व्यापारी संकुल असतं तर त्याच्या तळघरातही पाणी साठलं असतं म्हणा, पण ते पिता आलं नसतं.

विद्वानांच्या भात्यातला एक बाण मात्र खरा आहे. आराखडे चुकतात. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठानं २००५ साली पंधरा वर्षांचा आराखडा केला, २०२०पर्यंत ३३,४५० विद्यार्थी होतील असं धरलं, आणि प्रत्यक्षात संख्या ४२ हजारांवर गेली. राहायला घरं नाहीत म्हणून आसपासचे रहिवासी न्यायालयात गेले, न्यायालयानं विद्यार्थिसंख्या गोठवली, आणि मार्च २०२२मध्ये राज्याच्या विधिमंडळाला घाईघाईनं कायदा करून विद्यापीठाची मान सोडवावी लागली. विद्वान हे उदाहरण विजयी मुद्रेनं देतात. पण तिथल्या रहिवाशांना भांडायला आधार कशाचा मिळाला? त्याच आकड्याचा. तुम्ही इतके म्हणाला होतात आणि इतके आणलेत, हे विचारता आलं ते आकडा छापलेला होता म्हणून. आपल्याकडे असा आकडा कुणी छापतच नाही, त्यामुळे आपलं कधी चुकतही नाही.

निधी येईल तसं बांधण्याची तऱ्हा आपल्याला नवी नाही. निधी फेब्रुवारीत येतो, मार्चअखेर खर्च दाखवायचा असतो, आणि मग भूमिपूजनाला मंडप घालायला जिथं सोयीचं तिथं इमारत उगवते. वर्षभरानं लक्षात येतं की खालून जुनी जलवाहिनी जाते. ‘आधी झाडं की आधी वसतिगृह’ हा आमच्याकडचा जुना वादही याच तऱ्हेची देणगी. त्या वादात वर्षानुवर्षं एकमेकांना पर्यावरणद्रोही आणि विद्यार्थिद्रोही ठरवणाऱ्या दोन्ही पक्षांपैकी एकानंही आवाराचा नकाशा टेबलावर पसरला नव्हता. आणि विद्यापीठाच्या फाटकाबाहेर पाहायचं तर पुण्याच्या विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल आहे, किंवा होता. बांधून पंधरा वर्षं व्हायच्या आत, २०२०मध्ये, तो मेट्रोसाठी पाडला. गरज पडेल तसं बांधायचं म्हणजे काय, ते पुणेकरांना त्या चौकात रोज तासभर उभं राहून समजलेलं आहे.

मग करायचं काय? फार नाही. आचऱ्याचे अच्युत कानविंदे यांनी साठच्या दशकात आयआयटी कानपूरची आखणी केली, तिथं ग्रंथालय आणि वर्ग मध्यभागी ठेवून छतदार वाटांनी जोडले आणि मोटारी कडेला थोपवल्या. वाटांची रेघ पक्की होती, त्यामुळे नव्या इमारतींना कुठं जोडून घ्यायचं याचा घोळ उरला नाही. एवढाच धडा घ्यावा. कोणत्या विभागाला किती मजले, हे तीस वर्षांसाठी ठरवण्याचा हट्ट नको. ते खरोखरच कुणाला सांगता येणार नाही. पाणी कुठं मुरणार, माणसं कुठून चालणार आणि कुठं कधीच बांधायचं नाही, या तीन गोष्टी ठरवाव्यात. दर पाच वर्षांनी अपेक्षित विद्यार्थिसंख्या आणि खाटांची संख्या जाहीर करावी, मागचा आकडा किती चुकला हेही त्याच कागदावर छापावं. बाकी ज्या त्या पिढीनं आपल्या अकलेनं बांधावं.

अर्थसंकल्पाची अधिसभा मार्चमध्ये भरते. सदस्यांना एवढीच विनंती आहे: नव्या इमारतीच्या प्रत्येक प्रस्तावासोबत आवाराचा संपूर्ण नकाशा मागा, ओढे, विहिरी, वाहिन्या, झाडं आणि पायवाटा दाखवलेला. नकाशा जोडलेला नसेल तर प्रस्ताव परत पाठवा, मग भूमिपूजनाच्या पत्रिका छापून झालेल्या असल्या तरी.