ताऱ्यांची किंमत किती?

बदलीचा हुकूम घेऊन एखादे कुटुंब वीरांगना लक्ष्मीबाई झाशी स्थानकावर उतरते, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी त्याच्यापुढे एक साधा पण अडचणीचा प्रश्न उभा राहतो : आज जेवायचे कोठे? निवासस्थान अजून ताब्यात आलेले नसते, भांडीकुंडी मालमोटारीत वाटेवर असतात आणि मुले भुकेने किरकिरत असतात. पूर्वी अशा वेळी शेजारच्या वहिनी पोळीभाजीचा डबा पाठवीत, किंवा सदर बाजारातील एखाद्या खात्रीच्या दुकानाची खूण सांगत. आता आपण मोबाईल काढतो आणि तारे मोजतो.

आमच्या छावणीतील एका कुटुंबाने गेल्या पावसाळ्यात असेच तारे मोजले. पाचांपैकी जवळजवळ पाच तारे मिळविलेल्या एका उपाहारगृहात ते जेवले आणि दुसऱ्या दिवशी धाकट्या मुलीला घेऊन इस्पितळात बसले. मागाहून त्यांनी तेथील अभिप्राय सावकाश वाचले. बहुतेकांनी दिव्यांची रोषणाई, वाढदिवसाची सजावट आणि छायाचित्रे काढण्याची सोय यांचीच स्तुती केली होती. स्वयंपाकघराविषयी कोणी एक अक्षर लिहिले नव्हते. वाचकहो, ते तारे खोटे होते असे मी म्हणत नाही. ते निराळ्याच प्रश्नाचे उत्तर होते, एवढेच.

छावणीत राहणाऱ्यांना हा भेद समजावून सांगावा लागू नये. जवानाच्या छातीवरील प्रत्येक फितीला अर्थ असतो. ती कोणत्या मोहिमेची, किती वर्षांच्या सेवेची, कोणत्या पराक्रमाची हे जाणकाराला पाहताक्षणी कळते. शौर्यपदकासोबत तर प्रशस्तिपत्र असते आणि त्यात काय घडले ते लिहिलेले असते. उपाहारगृहाच्या भिंतीवरील मानपत्राकडेही आपण याच दृष्टीने पाहिले पाहिजे. हा मान कोणी दिला, कशासाठी दिला आणि देणाऱ्याने जेवणाचे पैसे स्वतः भरले होते काय?

या ताऱ्यांचा जन्मही मोठा मनोरंजक आहे. फ्रान्समध्ये मोटारींचे टायर बनविणाऱ्या मिशलिन बंधूंनी १९०० मध्ये वाहनचालकांसाठी एक छोटी मार्गदर्शिका काढून फुकट वाटली. लोकांनी मोटारी अधिक फिरवाव्यात आणि टायर अधिक झिजावेत, हा सरळ व्यापारी हिशेब! १९२६ मध्ये तीत उत्तम भोजनासाठी तारा आला आणि १९३१ मध्ये दोन व तीन ताऱ्यांची श्रेणी आली. एक तारा म्हणजे वाटेत अवश्य थांबावे, दोन म्हणजे वाट वाकडी करून जावे आणि तीन म्हणजे केवळ तेवढ्यासाठी प्रवास करावा, असा त्यांचा अर्थ. तेथील परीक्षक आपली ओळख लपवून जेवतात, पैसे भरतात आणि तारा देताना सजावट न पाहता ताटातील अन्न पाहतात. या शिस्तीमुळेच त्या ताऱ्याला वजन आले, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

चांगल्या मानाने अज्ञात माणूस उजेडात येतो, हेही खरे. सिंगापूरमध्ये टपरीवर कोंबडी-भात विकणाऱ्या चॅन हॉन मेंग यांना २०१६ मध्ये असा तारा मिळाला. मुंबईत वाढलेल्या गरिमा अरोरा यांना २०१८ मध्ये बँकॉकमधील त्यांच्या उपाहारगृहासाठी तो लाभला आणि हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. परंतु येथेच एक शंका डोकावते. हा तारा बँकॉकमध्ये मिळाला, कारण ती मार्गदर्शिका बँकॉकला पोहोचली होती. ती तेथे यावी म्हणून थायलंडच्या पर्यटन प्राधिकरणाने पाच वर्षांचा करार करून पैसे मोजले होते. मुंबईत तेव्हा ती निघतच नव्हती. परीक्षक जेथे जातच नाही, तेथील अन्न नापास झाले असे कसे म्हणावे? बुंदेलखंडातील घराघरांत होणारी बरा-कढी किंवा महुव्याच्या फुलांची डुबरी कोणत्याही यादीत नसेल, म्हणून तिची गोडी उणी होत नाही.

या मानाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. बर्नार ल्वाझो हा फ्रान्सचा नामांकित बल्लवाचार्य. एका मार्गदर्शिकेने त्याचे गुण वीसांपैकी एकोणिसावरून सतरावर आणले आणि मिशलिनचा तिसरा ताराही जाणार अशी कुजबूज वृत्तपत्रांत सुरू झाली. फेब्रुवारी २००३ मध्ये त्याने आपले जीवन संपविले. कर्ज आणि मनाचे आजारपण हीही कारणे होती. सारा दोष गुणांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. तथापि तो तिसरा तारा गेला नव्हता, हे आठवले की मन विषण्ण होते. २०१७ मध्ये सेबास्तियँ ब्रा या दुसऱ्या आचाऱ्याने आपले तीन तारे काढून घ्यावेत, अशी स्वतःच विनंती केली. सततच्या परीक्षेचा ताण त्याला नको होता.

आणि परीक्षकच नसेल तर काय होते? २००८ मध्ये एका अमेरिकन लेखकाने मिलान शहरात अस्तित्वातच नसलेल्या उपाहारगृहाची मद्यसूची व शुल्क पाठवून एका प्रसिद्ध नियतकालिकाचा पुरस्कार मिळविला. २०१७ मध्ये लंडनच्या एका तरुणाने बनावट अभिप्रायांच्या जोरावर आपल्या परसातील लाकडी खोपटाला, एकही पान न वाढता, प्रवाशांच्या संकेतस्थळावर लंडनमधील पहिल्या क्रमांकाचे उपाहारगृह बनविले. आपल्याकडेही या फसवणुकीची दखल घेतली गेली आहे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी एक मानक जाहीर केले. मात्र ते ऐच्छिक स्वरूपाचे होते.

आपल्या महाराष्ट्राचेच उदाहरण पाहा. २०१५ मध्ये दादरच्या 'आस्वाद' उपाहारगृहाच्या मिसळपावाला लंडनमध्ये 'फूडीहब'चा, जगातील सर्वोत्तम शाकाहारी पदार्थाचा पुरस्कार मिळाला. मराठी मनाला आनंद झाला, आणि व्हायलाच हवा होता. परंतु कोल्हापूर, पुणे आणि नाशिक यांतील एकाही घराने आपली मिसळ दुसऱ्या क्रमांकाची मानली असेल, असे मला वाटत नाही! यात हट्ट आहे तसे शहाणपणही आहे. चव ही आठवणींशी बांधलेली असते. तिचा निर्णय दुसऱ्याने द्यायचा नसतो.

मग सारेच तारे टाकाऊ का? नव्हे. जे आपल्या जिभेला कळत नाही, तेथे परीक्षक हवाच. पाणी शुद्ध आहे काय, कच्चे व शिजविलेले अन्न वेगळे ठेवतात काय, आचाऱ्याचे हात स्वच्छ आहेत काय, हे ताटावर बसून दिसत नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये आलेल्या प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक आणि स्वच्छतेच्या पाहणीवरून दिली जाणारी हसऱ्या चेहऱ्यांची श्रेणी या खुणा भिंतीवर शोधाव्यात, त्या याच कारणासाठी. हॉटेलला मिळणारे पर्यटन मंत्रालयाचे तारे मात्र मुख्यतः खोल्या व सोयी यांचे असतात, तेथील आमटीचे नव्हेत, हेही ध्यानात असू द्यावे.

वाचकहो, एक गोष्ट आपण विसरतो. आज परीक्षक दुसरा कोणी नाही, आपणच आहोत. ताट पुढ्यात आहे तोच आपला अंगठा निकाल देऊन मोकळा होतो. पाव वाढायला पोऱ्याला उशीर झाला म्हणून एक तारा, आणि फुकट सरबत मिळाले म्हणून पाच! त्या एका ताऱ्यावर एखाद्या गरीब दुकानदाराची चूल अवलंबून असते, आणि त्या पाचांवर विसंबून उद्या गाडीतून उतरणारी अनोळखी आई आपल्या लेकराला तेथे जेवू घालणार असते. तेव्हा लिहायचेच असेल तर काय खाल्ले, कसे होते, स्वच्छता कशी दिसली, हे दोन ओळींत लिहावे. कारण न सांगता दिलेला तारा म्हणजे प्रशस्तिपत्राविना दिलेले पदक.

लंगरात जवानांना वाढण्यापूर्वी अधिकारी त्याच पातेल्यातील अन्न स्वतः चाखून पाहतो. तेथे तारा नसतो आणि मानपत्रही नसते. आपल्या हाताखालच्या माणसांना जे वाढायचे, ते आधी आपल्या तोंडी लागले पाहिजे, एवढाच तेथील नियम. नव्या गावी कोणी तुम्हाला 'जेवायला कोठे जावे?' असे विचारील, तेव्हा याच नियमाने उत्तर द्या. आणि जमल्यास त्या पहिल्या संध्याकाळी पोळीभाजीचा एक डबाच पाठवून द्या.