दंडाचा वाटा जखमींना

फेब्रुवारी 2026 मध्ये आडोशी बोगद्याजवळ गॅसचा टँकर उलटला आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग तीस तासांहून अधिक काळ ठप्प झाला. तान्ही मुले, म्हातारी माणसे, आजारी माणसे गाड्यांतच अडकून पडली. त्याच कोंडीतून पुण्याचे एक उद्योजक हेलिकॉप्टरने घरी परतले आणि या मार्गालगत हेलिपॅड हवेत, अशी सूचना त्यांनी जाहीरपणे केली. सूचना रास्तच आहे. बोरघाटात अडकलेल्या माणसाला हवेतून बाहेर काढता येते, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिले. मग ज्याच्या छातीवर स्टिअरिंग आदळले आहे, ज्याचे रक्त वाहते आहे, त्या ट्रकचालकाला किंवा दुचाकीवरच्या कामगाराला ही सोय का मिळू नये?

साडेचौऱ्याण्णव किलोमीटरच्या या रस्त्याने महाराष्ट्राचे फार मोठे नुकसान केले आहे. 2001 मध्ये भाताण बोगद्याजवळ अभिनेत्री भक्ती बर्वे गेल्या. डिसेंबर 2012 मध्ये मावळातल्या उर्से टोलनाक्याजवळ अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले, अक्षय यांचा चिमुकला मुलगाही गेला. ऑगस्ट 2022 मध्ये शिवसंग्रामचे नेते विनायक मेटे यांच्या गाडीला पहाटे अपघात झाला, तेव्हा बराच वेळ मदत मिळाली नाही, असे त्यांच्या चालकाने सांगितले होते. ही माणसे नावाजलेली, म्हणून लक्षात राहिली. 2016 या एका वर्षात या मार्गावर 151 जण मेले, त्यांतल्या बहुतेकांची नावे त्यांच्या गावापलीकडे कोणाला माहीत नाहीत. त्यानंतर रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी मिळून कठडे, फलक आणि धोकादायक जागा दुरुस्त केल्या आणि मृत्यूंचा आकडा बराच खाली आला. हे काम मोलाचे आहे. पण अपघात झाल्यानंतरच्या पहिल्या तासाचे काय, याचे उत्तर अजून मिळालेले नाही. मोटार वाहन कायद्याने 2019 च्या दुरुस्तीत या ‘सुवर्ण तासा’ची व्याख्या केली. मात्र शनिवार-रविवारी खंडाळ्यापासून गाड्यांची रांग लागते, तेव्हा त्या तासातला मोठा भाग रुग्णवाहिकेचा भोंगा वाजण्यातच संपतो. लोणावळ्याहून पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात हवेतून वीसेक मिनिटांत पोहोचता येते.

द्रुतगती मार्गासाठी हवाई रुग्णवाहिकेच्या घोषणा अनेकदा झाल्या. ओझर्ड्याला ट्रॉमा केंद्र उभे राहिले. चोवीस तास सज्ज असलेले हेलिकॉप्टर मात्र आजही नाही. कारण साधे आहे. हेलिकॉप्टर रुग्ण नसतानाही पोसावे लागते. वैमानिक, अभियंता, अतिदक्षतेचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर, विमा, देखभाल हा सगळा खर्च ते जमिनीवर उभे असतानाही चालूच राहतो. एकेका उड्डाणाचे बिल नातेवाइकांच्या हाती देऊन ही सेवा चालत नाही. केंद्राने मे 2025 पासून अपघातग्रस्तांना दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न घेता देण्याची योजना आणली, ती चांगलीच आहे, पण त्या दीड लाखात हेलिकॉप्टर बसत नाही.

तरीही पैसा याच रस्त्यावर आहे. जुलै 2024 मध्ये येथे आयटीएमएस म्हणजे कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली. पहिल्या साधारण वर्षभरात तिने 27 लाखांहून अधिक ई-चलने फाडली. दंडाची रक्कम सुमारे 470 कोटी होते, त्यातले वसूल झाले जेमतेम 51 कोटी. या वसुलीचा चौथा हिस्सा जरी बाजूला काढला, तरी बारा-तेरा कोटी होतात. वेग मोडणाऱ्याचा पैसा वेगामुळे जखमी झालेल्याच्या उपचारासाठी खर्च व्हावा, यापेक्षा सरळ न्याय कोणता? आज हा दंड राज्याच्या तिजोरीत जातो आणि तिथे तो कशावर खर्च झाला, हे दंड भरणाऱ्याला कधी कळत नाही.

यात अभूतपूर्व असे काही नाही. केरळने 2007 च्या कायद्याने तडजोड शुल्काचा निम्मा वाटा रस्ता सुरक्षा निधीला दिला. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात 2011 पासून वाहतुकीच्या प्रत्येक गुन्ह्याच्या दंडावर चार डॉलर जादा घेऊन गरीब रुग्णांच्या हवाई वाहतुकीचा खर्च भागवला गेला. मात्र तिथल्या विधिमंडळाला त्या तरतुदीची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. तोच धोका इथेही आहे. शिस्त वाढली की दंड कमी होणार, आणि तो कमी व्हावा अशीच आपली इच्छा आहे. म्हणून सेवेचा पाया दंडावर नको. मेरीलँड राज्याने पोलिसांच्या हेलिकॉप्टरांसाठी वाहन नोंदणीवर अधिभार बसवला, तो उत्पन्नाचा स्थिर मार्ग ठरला. आपल्याकडे टोल आहे. किमान खर्चाची हमी टोलमधून आणि भर दंडातून, अशी रचना हवी.

एक आक्षेप त्याहून गंभीर आहे. हेलिकॉप्टरसाठी पैसे हवेत म्हणून चलने वाढतील, असे वाहनचालक म्हणतील. जुलै 2025 मध्ये याच ई-चलनांविरोधात मालवाहतूकदारांनी संप केला होता. मोटारींची शंभरची वेगमर्यादा घाटात एकदम साठवर येते, तिथे पुरेशी सूचना मिळत नाही, ही चालकांची तक्रार ऐकून घ्यायलाच हवी. त्यामुळे कॅमेरे चालवणाऱ्या यंत्रणेच्या हाती या निधीचा एक रुपयाही जाता कामा नये. निधीचा हिशेब दर महिन्याला उर्से आणि खालापूर टोलनाक्यावर लावावा. दंड कुठे जातो हे दिसले, तर थकलेली चलने भरायलाही लोक पुढे येतील.

हेलिकॉप्टरला मर्यादा आहेत आणि त्या लपवून चालणार नाही. जून ते सप्टेंबर लोणावळ्यावर ढग उतरतात, धुक्यात समोरची गाडी दिसत नाही, तिथे वैमानिकाला उतरायला सांगणे म्हणजे आणखी चार जीव धोक्यात घालणे. रात्रीही बहुधा तीच अडचण येते. त्या दिवसांसाठी 108 च्या अतिदक्षता रुग्णवाहिका घाटाच्या दोन्ही तोंडांना उभ्या हव्यात आणि कान्ह्याच्या सरकारी रुग्णालयात रक्त, भूलतज्ज्ञ आणि अस्थिशल्यचिकित्सक चोवीस तास हवेत. निधीचा पहिला हप्ता यावर खर्च झाला तरी चालेल.

आणि ही सेवा फक्त काँक्रीटच्या सहा पदरांपुरती असू नये. आवाज, धूर आणि तुटलेल्या वाटा मावळाने सोसल्या आहेत, जमीनही मावळाने दिली आहे. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळात सर्पदंश झालेले मूल किंवा अडलेली बाळंतीण आजही खराब रस्त्याने जीप शोधत फिरते. लोहगड, राजमाचीवर पडलेल्या गिर्यारोहकाला शिवदुर्ग मित्र या बचाव पथकाचे कार्यकर्ते खांद्यावरून तासन् तास खाली आणतात. त्यांच्याशी बोलून उतरण्याच्या जागा ठरवाव्यात, कारण कोणते पठार पावसाळ्यानंतर कोरडे असते हे त्यांना माहीत आहे.

यासाठी विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात स्वतंत्र निधीचा कायदा व्हायला हवा. शासन निर्णयावर उभी राहिलेली योजना मंत्री बदलला की बंद पडते. कायद्यात एक कलम आवर्जून असावे: हेलिकॉप्टर कोणासाठी निघेल, हे 108 च्या नियंत्रण कक्षातल्या कर्तव्यावरील डॉक्टरने जखमीची अवस्था पाहून ठरवावे. जखमीचे नाव, आधार कार्ड किंवा कोणाचा फोन आला आहे, हे त्या डॉक्टरला विचारण्याची मुभा नसावी.