जन्माचे सार्थक कशात?

कोणाचा जन्म सार्थकी लागला आणि कोणाचा फुकट गेला, हे ठरविण्याचे माप आमच्या खेड्यांत एकच आहे. पाळणा हलला म्हणजे सार्थक. न हलला म्हणजे जन्म वाया. बाई शेतात राबो, सासूसासऱ्यांची सेवा करो, अडल्यानडल्याच्या उपयोगी पडो. कूस उजवली नाही की बारशाच्या पाळण्यापासून तीस दूर ठेवतात. त्यातून नवरा वारला, तर हळदीकुंकवाचे बोलावणेही बंद. या मापाविषयी आम्हांस आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

दर वर्षी ३ जानेवारीस आम्ही शिक्षक मंडळी शाळेत सावित्रीबाई फुले यांच्या तसबिरीस हार घालतो. मुली भाषणे करतात, गावचे पुढारी टाळ्या वाजवितात. पुढे पंधरा दिवसांच्या आत संक्रांत येते आणि त्याच गावात घरोघर हळदीकुंकू होते. आमचा सवाल एवढाच की, त्या दिवशी सावित्रीबाई खुद्द आपल्या दारी आल्या, तर त्यांस पाटावर बसविणार की ओट्यावरूनच वाटेस लावणार? त्यांस पोटचे मूल नव्हते. १८९० साली जोतीराव वारले. आपल्या मापाने मोजले तर त्या जन्मास दोन्हींकडून बट्टा!

आता त्याच जन्माचा जमाखर्च पाहा. १८४८ साली पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. त्या शिकवू लागल्या आणि त्यापायी लोकांचे शेणमार सोसले. १८६३ साली फसविल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले. तेथे आलेल्या बायांची बाळंतपणे त्यांनी काढली. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेऊन त्यास डॉक्टर केले. तोच यशवंत. जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवे त्यांनी स्वतः धरले. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा रोग्यांस यशवंताच्या दवाखान्यात पोचविता पोचविता त्याच रोगाने १० मार्च रोजी त्या गेल्या.

मुलाच्या हातचे पाणी मिळाल्यावाचून गती नाही, अशी भीती पोथीने आमच्या लोकांस घातली आहे. पण आज खेड्यातली जी जी पोर पाटी घेऊन बसते, ती कोणाच्या वंशातली म्हणावी? रक्ताचा वंश जनावरांचाही चालतो. ज्याचे आपले काही नाते नाही, त्याचे आपल्या कष्टाने बरे झाले, यातच माणसाच्या जन्माचे सार्थक आहे.

कोणी म्हणेल, गुरुजी, म्हातारपणी भाकरी कोण घालणार? ही धास्ती खरी आहे आणि लेकरांची मायाही खोटी नाही. परंतु ती पोटाची बाब झाली. तिच्यासाठी एखाद्या बाईची अब्रू चारचौघांत कमी करण्याचा अधिकार कोणास पोचत नाही.

२०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने विधवांस हिणविणाऱ्या चाली बंद करण्याचा ठराव केला. जे एका गावास साधले, ते दुसऱ्यास का साधू नये? बांधवांनो, भगिनींनो, येत्या संक्रांतीस आपल्या आळीतील जिला कोणी बोलावीत नाही, तिला पहिले वाण द्या. तसबिरीस हार त्यानंतर घाला.