लिंबूटिंबूवर राज्य

‘त्यांच्यासाठी वेगळं उद्यान बांधा ना, आमची कुठे ना आहे!’ असं मोठ्या मनाने सांगणाऱ्यांचा मला अलीकडे राग येऊ लागलाय. मुलाला मुलांपासून लांब नेऊन खेळायला लावायचं, यात मोठं मन नेमकं कुठे आहे?

आमच्या घराजवळच्या बागेच्या फाटकात लोखंडी नळ्या नागमोडी बसवल्यात, दुचाकी आत शिरू नये म्हणून. दुचाकी शिरतेच, मागच्या मोडक्या कुंपणातून. अडते ती व्हीलचेअर. शेजारचा सात वर्षांचा मुलगा वडिलांच्या कडेवरून आत येतो आणि खुर्ची घडी करून नळ्यांवरून पलीकडे काढावी लागते. आत सगळी वाळू. पुढची छोटी चाकं तिच्यात रुतली की संपलं. म्हणून काठावरच्या फरशीवर त्याची जागा ठरलेली. मुलं काही वाईट नाहीत. त्यांनी त्याला अंपायर केलंय. दीड वर्ष झालं, तो अंपायरच आहे.

‘अशी मुलं बागेत येतातच किती?’ हा दुसरा लाडका सवाल. फाटक अडवून ठेवायचं आणि आत कुणी दिसत नाही म्हणून हजेरीपट नाचवायचा! 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतचीच 20 लाखांहून अधिक अपंग मुलं नोंदली गेली. ती घरात आहेत, खिडकीशी.

मग खर्चाचं रडगाणं. फाटकात तीन फुटांची सरळ वाट ठेवायला पैसे लागत नाहीत, उलट नळ्या वाचतात. उतार एकास बारा हवा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. रबरी फरशी महाग आहे, हे कबूल. पण ती बागभर कशाला? फाटकापासून झोक्यापर्यंत आणि झोक्याखाली पुरते. (विदर्भातल्या मे महिन्यात ती चटके देते, तेव्हा वर सावलीही हवी.) शिवाय तिच्यावर पडलं तर धडधाकट मुलालाही कमीच लागतं. ‘त्यांना इजा होईल’ म्हणणाऱ्यांनी गुडघे फोडून घ्यायची मुभा फक्त इतरांनाच का, तेवढं सांगावं.

खरा घोळ आहे तो ‘खास’ साधनांचा. खुर्चीसकट चढता येणारा लोखंडी झोका पाहा. धूड इतकं जड, की दुसऱ्या पोराच्या डोक्याला लागलं तर कपाळमोक्षच. म्हणून भोवती कुंपण, कुंपणाला कुलूप, किल्ली माळ्याकडे आणि माळी जेवायला गेलेला. उघडलंच तर मूल त्या पिंजऱ्यात एकटं झुलणार, बाहेरून सगळे बघणार. त्याऐवजी दोरखंडाचा टोपलीसारखा गोल झोका लावा. त्यात तीन-चार जणं वेडीवाकडी पडतात. ज्याला बसता येत नाही तो आडवा, ज्याला दिसत नाही तो कुणाची तरी बाही धरून. जमिनीशी समतल बसवलेली चक्री असेल तर खुर्ची थेट वर जाते. आणि एखादा शांत, आडोशाचा कोपरा असू द्या. स्वमग्न मुलाला गोंगाट सोसेना, तर तिथे बसता येतं. रुसलेल्या कुणालाही तो चालतो.

हा मेहेरबानीचा विषयही उरलेला नाही. अपंग मुलांना इतरांच्या बरोबरीने खेळता यावं, असं सांगणारा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने 2007 साली स्वीकारला. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आला. सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक करा, असं राजीव रतुरी खटल्यात नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला बजावलं. आमच्या फाटकातल्या नळ्यांना त्याचा पत्ता नाही.

आपल्या खेळांत लिंबूटिंबू ही फार गोड सोय आहे. लहानग्याला खेळात घ्यायचं, पण आउट करायचं नाही. पुढे तो मोठा होतो आणि लिंबूटिंबूपण सुटतं. अपंग मुलाचं मात्र आपण सुटूच देत नाही. त्याच्यावर राज्य येत नाही, याला आपण प्रेम समजतो.

गेल्या महिन्यात बागेत चिखल झाला, म्हणून पोरं सोसायटीच्या पार्किंगमध्ये लपंडाव खेळली. तिथे गुळगुळीत सिमेंट. अंपायर खुर्ची पळवत जाऊन एका मोटारीमागे लपला आणि पहिलाच सापडला. राज्य आलं. ‘चीटिंग आहे, चाकांचा आवाज होतो!’ म्हणून तो कडाकडा भांडला. कुणी ऐकून घेतलं नाही. शेवटी तोंड फुगवून खांबाकडे वळला आणि आकडे मोजू लागला. वीसनंतर एकदम तीस.